किरकोळ धडक, आपसांतली तडजोड आणि विम्याचा कागद

गाडीला गाडी लागली, कोणाला फारसे लागले नाही, मग पोलीस आणि विमा कंपनी यांच्या मागे न लागता रस्त्यातच पैसे देऊन मोकळे व्हावे की नाही, या एकाच विषयावर या वेळी तीन पत्रे आली आहेत. तिन्ही पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : पावसात सिग्नलला ब्रेक लावूनही माझी गाडी घसरली आणि पुढच्या गाडीला मागून लागली. त्यांचा मागचा बंपर आणि डिकीचे झाकण दबले, माझा पुढचा बंपर फुटला. ते गृहस्थ सभ्य होते. दोघांनीही ‘उगाच क्लेम कशाला’ असे म्हणून आपसांत मिटवायचे ठरवले. त्यांच्या शोरूमने दिलेल्या एस्टिमेटवरून १५,००० रुपये मी यूपीआयने पाठवले आणि ‘चूक माझीच होती, सगळा खर्च मी देतो’ असा व्हॉट्सॲप संदेशही पाठवला. माझ्या गाडीला ९,००० रुपये लागले, तेही मीच भरले. माझी गाडी बाराशे सीसीची, पाच वर्षांची आहे आणि मला पन्नास टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात सवलत, मिळतो, तो जाऊ नये म्हणून मी कंपनीला काहीच कळवले नाही. आता तीन आठवड्यांनी ते म्हणतात की मागे बसलेल्या त्यांच्या पत्नीची मान धरली आहे, उपचारासाठी आणखी ४०,००० रुपये द्या, नाहीतर पोलिसांत जावे लागेल. मी काय करावे? मुळात विमा कंपनीकडे न जाण्यात माझे चुकले का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : प्रथम मानेच्या दुखण्याविषयी, कारण घाई तिथे आहे. मागून बसलेल्या धक्क्यानंतर मानेचे दुखणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी जाणवते, हे वैद्यकीयदृष्ट्या अगदी शक्य आहे, त्यामुळे ही मागणी बनावट आहे असे गृहीत धरू नये आणि ‘खंडणी’ असा शब्द तर अजिबात वापरू नये. त्याच वेळी केवळ फोनवरच्या सांगण्यावरून ४०,००० रुपये पाठवणेही योग्य नाही. त्यांच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी, तपासणीचे अहवाल आणि बिले सौजन्याने, पण लेखी मागा. आणि कागद येण्याची वाट न पाहता, आजच, आपल्या विमा कंपनीला अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, दोन्ही गाड्यांचे क्रमांक आणि आता आलेली मागणी लेखी कळवा.

हे कळवणे ऐच्छिक नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ नुसार अपघातात कोणाला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर जखमीला उपचार मिळवून देणे, जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर आणि जास्तीत जास्त चोवीस तासांत खबर देणे आणि विमा कंपनीला लेखी माहिती देणे ही चालकाची जबाबदारी आहे. ती न पाळल्यास कलम १८७ खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. कायद्याचे शब्द पाहिले तर नुसता बंपर दबला तरी हे कलम लागू होते. दबलेल्या बंपरसाठी कोणी ठाण्याची पायरी चढत नाही आणि चढले तर तिथला अंमलदारच ‘आपसांत मिटवा’ म्हणतो, ही वस्तुस्थिती मलाही ठाऊक आहे. पण प्रश्न माणसाच्या शरीराचा झाला की ही सवलत संपली असे समजावे.

आता आपला बोनस. तो जाईल या भीतीने आपण गप्प राहिलात, आणि आपल्यासारखे असंख्य लोक याच भीतीने गप्प राहतात. परंतु सर्वसमावेशक पॉलिसीचे दोन स्वतंत्र भाग असतात. एक स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला एजंट ‘ओडी’ म्हणतात, आणि दुसरा त्रयस्थाला झालेल्या हानीचा, म्हणजे ‘थर्ड पार्टी’. नो क्लेम बोनस फक्त पहिल्या भागाशी बांधलेला आहे. तो पहिल्या भागाच्या प्रीमियममधून वजा होतो आणि पहिल्या भागाचा क्लेम घेतला तरच जातो. मागच्या सीटवरील बाईंच्या मानेची बाब कंपनीला कळवल्याने आपला पन्नास टक्के बोनस हलत नाही. शिवाय प्रचलित पॉलिसीत त्रयस्थ व्यक्तीच्या इजेसाठी कंपनीच्या जबाबदारीला रकमेची मर्यादा नसते, तर खासगी मोटारीने केलेल्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी ती साधारणपणे साडेसात लाख रुपये असते. ज्या गोष्टीसाठी आपण वर्षानुवर्षे हप्ता भरला तीच गोष्ट खिशातून भरायला निघाला होतात.

स्वतःच्या गाडीबाबतचा आपला निर्णय मात्र बरोबर होता, आणि तो अंदाजाने नव्हे तर हिशोबाने बरोबर होता, हे दाखवतो. समजा, ९,००० च्या बिलात बंपर ४,०००, रंगकाम ४,००० आणि मजुरी १,००० आहे. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे बंपरचे २,००० मिळणार. रंगाच्या एकत्रित बिलात पाव हिस्सा सामानाचा धरून त्याचा निम्मा कापतात, म्हणून तिथे ५०० गेले. मजुरी पूर्ण मिळते. उरले ६,५००. त्यातून पंधराशे सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपयांची अनिवार्य वजावट, जिला गॅरेजवाले ‘फाइल चार्ज’ म्हणतात. म्हणजे हाती ५,५००. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारे जोड-संरक्षण, घेतले असते तर ८,०००.

याच्या बदल्यात काय गेले असते ते पाहा. क्लेम नसलेल्या सलग वर्षांनुसार बोनस २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढतो, पण एका क्लेमने तो थेट शून्यावर येतो. म्हणजे पुढच्या पाच नूतनीकरणांत आपण अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के गमावता. बेरीज १२५ टक्के, म्हणजे एका वर्षाच्या पूर्ण ओडी प्रीमियमच्या सव्वापट. सवलतीआधीचा ओडी प्रीमियम ८,००० धरला तर हे १०,००० रुपये झाले आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळवला तर ११,८००. गाडीची विम्यातली घोषित किंमत दरवर्षी उतरते, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल, तरीही ५,५०० साठी इतके घालवणे शहाणपणाचे नाही. नवी गाडी घेण्याच्या विचारात असणाऱ्यांनी तर अधिकच जपून राहावे, कारण बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो आणि नव्या गाडीच्या मोठ्या प्रीमियमवर तोच पन्नास टक्के नेता येतो. उलट ज्यांचा बोनस अजून वीस टक्क्यांवरच आहे किंवा ज्यांनी बोनस सुरक्षित ठेवणारे जोड-संरक्षण घेतले आहे, त्यांनी हाच हिशोब आपल्या आकड्यांनी पुन्हा मांडावा. उत्तर वेगळे येऊ शकते.

राहता राहिला तो व्हॉट्सॲप संदेश. प्रत्येक मोटार पॉलिसीच्या शर्तींत एक कलम असते, जे सहसा कोणी वाचत नाही : कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करू नये, भरपाई देऊ करू नये, कसलेही वचन देऊ नये. याचा अर्थ असा की आपण दिलेले १५,००० रुपये कंपनी परत देणार नाही, आणि पुढचे ४०,००० आपण होऊन दिलेत तर तेही आपल्याच खात्यातून गेले असे समजा. मात्र घाबरण्याचे कारण नाही. जखमी व्यक्ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेली, तर तिची भरपाई नाकारण्यासाठी कंपनीला कायद्याने मोजकीच कारणे उपलब्ध आहेत, आणि आपण संदेशात चूक मान्य केली हे त्यांत बसत नाही. त्यामुळे त्या गृहस्थांना शांतपणे सांगा की आपण कंपनीला कळवले आहे, पोलिसांना खबर द्यायची असेल तर आपली हरकत नाही आणि भरपाईचा दावा करण्याचा मार्ग त्यांना मोकळा आहे. कलम १६६ खालील अशा दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आहे, हेही त्यांना सांगितलेत तर ते सौजन्याचेच होईल. ‘पोलिसांत जाऊ’ हे वाक्य ऐकून पैसे काढण्याची गरज नाही आणि त्यांना पोलिसांत जाऊ नका अशी विनवणी करण्याचीही नाही. उपचाराचा खर्च खरा आणि लहान आहे असे कागदांवरून दिसले आणि माणुसकी म्हणून काही द्यावेसे वाटले, तर ते कंपनीला कळवून, तिची लेखी संमती घेऊन द्या.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावर एका तरुणाने माझ्या उभ्या गाडीला मागून धडक दिली. बंपरवर ओरखडे आणि थोडा चेपा एवढेच दिसत होते. त्याने गयावया केली, ‘मॅडम, इन्शुरन्सचं काही करू नका’ म्हणून ५,००० रुपये रोख दिले, आणि मी त्याच्या लायसन्सचा फोटो काढून घेऊन त्याला जाऊ दिले. वर्कशॉपमध्ये बंपर उघडल्यावर खर्च २७,००० वर गेला. आता तो फोन उचलत नाही. मी माझ्या विम्यातून क्लेम घेऊ शकते का? पाच हजार घेतले हे आड येईल का?
— वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : क्लेम घेऊ शकता, आणि आपल्या आकड्यांवरून तो घ्यावाही असे दिसते. पाच हजार मिळाल्याचे मात्र लपवू नका. विमा हा झालेले नुकसान भरून देण्याचा करार आहे, त्यातून नफा मिळवता येत नाही. म्हणून मिळालेली रक्कम कंपनी आपल्या देण्यातून वजा करू शकते. याहून गंभीर मुद्दा असा की भरपाई दिल्यानंतर ज्याने धडक दिली त्याच्याकडून वसुली करण्याचा आपला हक्क कंपनीकडे जातो. आपण त्या तरुणाला ‘सगळे भरून पावले, आता काही मागणी नाही’ असे लिहून दिले असते, तर कंपनीचा तो हक्कच बुडाला असता आणि क्लेम नाकारायला तिला सबळ कारण मिळाले असते. आपल्या पत्रावरून तसे काही लिहून दिलेले दिसत नाही, हे बरे झाले.

उशिराची चिंता असेल तर तीही फार करू नका. पॉलिसी ‘ताबडतोब’ कळवा म्हणते, पण केवळ उशीर झाला एवढ्याच कारणावरून खरा क्लेम नाकारू नये, असे विमा नियामक प्राधिकरणाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले आहे. उशिराचे कारण खरे आहे तसे लिहा. एक पथ्य मात्र पाळा : सर्व्हेअर येऊन पाहून जाईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका, आणि काढलेले भाग वर्कशॉपला ठेवून द्यायला सांगा. तरीही कंपनीने अन्याय केला तर आधी तिच्या तक्रार निवारण कक्षाकडे, मग विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुणे येथे आहेत आणि तिथे शुल्क लागत नाही.

पाच हजारांचे सत्तावीस हजार कसे होतात, हे इतर वाचकांसाठी सांगणे आवश्यक आहे. आजचा बंपर प्लास्टिकचा असतो. धक्का बसला की तो आत दबतो आणि पुष्कळदा आपसूक परत बाहेर येतो, त्यामुळे बाहेरून ओरखडाच दिसतो. पण त्याच्या मागे बंपर धरून ठेवणारे ब्रॅकेट, त्याच्या क्लिपा, पार्किंग सेन्सर, त्यांची वायरिंग आणि आडवी लोखंडी पट्टी असते. ब्रॅकेट तुटले की बंपर हाताने दाबल्यावर हलतो. टेललॅम्पची बैठक निखळली की काच शाबूत असूनही फट पडते, डिकीचे झाकण किंचित जरी सरकले तरी पहिल्या पावसात स्टेपनीच्या खळग्यात पाणी साठते. पुढच्या बाजूला तर याच रीतीने हेडलॅम्पची लॉक, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांना इजा होते. म्हणून रस्त्यावर रक्कम ठरवणे हा दोन्ही बाजूंनी जुगार आहे. ठरवायचे असेल तर बंपर उतरवून काढलेल्या एस्टिमेटवर ठरवावे. तोवर फक्त दोन्ही गाड्यांचे, नंबरप्लेटचे आणि रस्त्याचे फोटो घ्यावेत, लायसन्स आणि आरसी पाहावे.

‘इन्शुरन्सचं काही करू नका’ अशी गयावया कोणी करू लागला, तर तो ते का म्हणतो याचा विचार तिथेच करावा. बोनस वाचवण्यासाठी म्हणत असेल तर ठीक. पण अनेकदा विमा संपलेला असतो, गाडी दुसऱ्याच्या नावावर असते किंवा चालवणाऱ्याकडे परवानाच नसतो. ‘एमपरिवहन’ ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला की विम्याची मुदत दिसते. विनाविमा गाडी चालवणे हा कलम १९६ खालील गुन्हा आहे आणि अशा माणसाकडून नंतर वसुली होणे अवघड असते. चालक दारू प्यायलेला वाटला तर तडजोडीचा विषयच काढू नये, थेट ११२ वर फोन करावा.

त्या तरुणाच्या विमा कंपनीकडून खर्च का मिळू नये, असेही आपल्या मनात येईल. तत्त्वतः मिळू शकतो, पण ती कंपनी आपल्या वर्कशॉपचे बिल परस्पर भरत नाही. त्यासाठी न्यायाधिकरणात दावा करावा लागतो, आणि दबलेल्या बंपरसाठी तो सहसा परवडत नाही. म्हणून व्यवहारात जो तो आपापल्या ओडीमधून गाडी दुरुस्त करतो, आणि चुकलेला माणूस भला असेल तर समोरच्याचा फाइल चार्ज, घसाऱ्याची रक्कम आणि बोनसचे नुकसान तेवढे भरून देतो. मला विचाराल तर मोठ्या खर्चाच्या प्रकरणात हीच सर्वांत न्याय्य तडजोड आहे, फक्त ती कंपनीला सांगून करावी.

उरलेल्या पैशांसाठी त्या तरुणाला नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवा. उत्तर आले नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. त्याला तिथून नोटीस गेली की पुष्कळदा फोन उचलला जातो. तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही.

पुढे कधी तडजोड लेखी करायची वेळ आलीच, तर साध्या कागदावर एवढे पुरे : ‘दिनांक अमुक रोजी अमुक ठिकाणी वाहन क्रमांक अमुक व वाहन क्रमांक अमुक यांच्यात झालेल्या धडकेत माझ्या वाहनाचे जे नुकसान झाले, त्यापोटी अमुक रुपये मला मिळाले. वाहनाच्या नुकसानीबाबत माझी आता कोणतीही मागणी शिल्लक नाही. या पत्राने कोणत्याही पक्षाने आपली चूक मान्य केलेली नाही.’ खाली दोघांच्या सह्या, एक साक्षीदार, आणि रक्कम ५,००० रुपयांहून अधिक असेल तर पावतीवर एक रुपयाचे रसीदी तिकीट. भारतीय करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे कमी रक्कम पूर्ण भरपाई म्हणून स्वीकारली तरी व्यवहार पुरा होतो, म्हणून ‘मागणी शिल्लक नाही’ हे शब्द लिहून घेणाऱ्याला मोलाचे आहेत आणि लिहून देणाऱ्याने ते बंपर उघडण्यापूर्वी कदापि देऊ नयेत. ज्याला पुढे स्वतःच्या विम्यातून क्लेम घ्यायचा आहे, त्यानेही हे शब्द टाळावेत. ‘पोलिसांत तक्रार करणार नाही’ असे वाक्य काही जण हौसेने घालतात. त्याचा उपयोग शून्य. फौजदारी कारवाई दडपण्यासाठी पैसे घेण्याचा करार कायद्याने निरर्थक ठरतो आणि वाचणाऱ्याला मात्र त्यातून नको तो संशय येतो.

प्रश्न : माझ्या गाडीच्या उघडलेल्या दाराला लागून आठवीतला एक सायकलस्वार मुलगा पडला. कोपर आणि कपाळ खरचटले. त्याचे वडील आले, त्यांनी ३,००० रुपये मागितले, मी ते दिले आणि विषय संपला. मला घरचे म्हणतात की काही लिहून घ्यायला हवे होते. आता घेऊ का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : विषय संपलेला नाही, आणि काही लिहून घेतल्याने तो संपणारही नाही. मूल कायद्याच्या भाषेत अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचे, आहे, स्वतःच्या हक्काचा करार ते करू शकत नाही. वडिलांनी दिलेल्या चिठ्ठीने मुलाचा भरपाईचा हक्क कायमचा मिटला असेही मानता येत नाही. न्यायालयातील दाव्यातसुद्धा अज्ञानाच्या वतीने तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते, हे लक्षात घ्या. शिवाय इजा झाली असल्याने भारतीय न्याय संहितेची कलमे १२५ आणि २८१ लागू होण्याची शक्यता असते. त्यांपैकी निष्काळजीपणे वाहन चालवण्याचे कलम २८१ आपसांत मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. उभ्या गाडीचे दार उघडणे हे ‘चालवणे’ आहे की नाही यावर वकील वाद घालतील, पण तो वाद ठाण्यात उभे राहून घालण्यात शहाणपण नाही.

कपाळाला लागले आहे, म्हणून मुलाला डॉक्टरांना दाखवले का हे आधी विचारा, दाखवले नसेल तर स्वतः बरोबर जाऊन दाखवा आणि केसपेपरची प्रत ठेवा. चोवीस तास उलटले असले तरी जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन घडले तसे सांगा आणि नोंदीची पोच मागा. विमा कंपनीला मुलाचे नाव, आपल्या लायसन्सचा तपशील आणि पॉलिसी क्रमांक यांसह लेखी कळवा. दिलेले तीन हजार त्या पत्रात ‘तातडीच्या उपचारासाठी दिलेली मदत’ असे नमूद करा; ते तसेच आहेत. वडिलांना हे सगळे आधी सांगून मगच करा. पोलिसांचे नाव काढताच ते बिचकतील, त्यांना समजावून सांगा की मुलाला पुढे काही त्रास निघाला तर या नोंदीमुळेच त्याला विम्यातून पैसे मिळू शकतील.